अर्जदाराच्या बाजूने लागलेला डिझेलचा निकाल रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी (इंधन),
जलवाहतूक कार्यालय, दुसरा मजला,
धक्क्याच्या मागील बाजूस.

विषय: फेरीबोटीच्या इंजिनाच्या डिझेलखपाबाबत अर्जदार जिंकला असल्याचा निकाल मागे घेण्याबाबत, आणि इंजिनचालकांच्या नावापुढील 'इंधनाची अफरातफर' हा शेरा खोडण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे निकालपत्र. जावक क्रमांक लिहिता येत नाही, कारण त्यावरच गोल शिक्का मारला आहे.

महोदय,

१. ज्या वर्षी अर्जदाराच्या एकुलत्या मुलीचे लग्न फेरीबोटीच्या इंजिनचालकांच्या थोरल्या मुलाशी झाले, त्याच वर्षी आणि त्याच आठवड्यात बोटीला सध्याचे साठ अश्वशक्तीचे इंजिन बसले. लग्न आजवर विनातक्रार चालू आहे. इंजिनाबद्दल मात्र अर्जदाराचा हा सतरावा अर्ज. आधीचे सोळा इंजिनचालकांविरुद्ध, म्हणजे अर्जदाराच्या व्याह्यांविरुद्ध होते. हा आपल्याविरुद्ध आहे. सवयीने तो जुन्या गठ्ठ्यात बांधला जाऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगितले.

आपण निकाल अर्जदाराच्या बाजूने दिलात. संयुक्त चाचणीला व्याही, ज्यांना आपल्या कागदात प्रतिवादी म्हटले आहे, गैरहजर राहिले, सबब अर्जदाराने सांगितलेला खप खरा मानला, आणि जास्तीच्या डिझेलची प्रतिवादींनी अफरातफर केली असे ठरवले. आता त्यांच्या जागेवर त्यांच्या मुलाची, म्हणजे अर्जदाराच्या जावयाची, इंजिनावर नेमणूक व्हायची होती. ती या एका शब्दावर अडून बसली आहे. चोराच्या घरातला माणूस इंजिनावर नको, असे आपल्या आस्थापना टेबलाने तोंडावर सांगितले. अर्जदाराला हा विजय नको आहे. भीक नको पण कुत्रे आवर, अशी त्याची गत झाली आहे.

प्रतिवादी गैरहजर का होते, ते अर्जाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहिले आहे. आपल्या कार्यालयात अर्जाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ एवढेच वाचतात, असा सोळा अर्जांचा अनुभव आहे.

२. बोट कशी चालते हे आपल्या फायलीत कुठेच नाही, म्हणून लिहितो. बोट दोघे मिळून चालवतात आणि दोघांना एकमेकांचे काम दिसत नाही. अर्जदार मागे उंच फळीवर सुकाणू धरून बसतो. त्याला पाणी दिसते, इंजिन दिसत नाही. प्रतिवादी खाली इंजिनाच्या खणात. त्यांना इंजिन दिसते, पाणी दिसत नाही. मध्ये एक दोरी आणि दोरीच्या टोकाला पितळी घंटा. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे मंद, तीन म्हणजे मागे, आणि घंटा सारखी वाजत राहिली तर बंद. खालून उत्तर येते ते पाइपवर मारलेल्या पान्याचे. नियमाप्रमाणे एक ठोका, म्हणजे 'ऐकले'. प्रतिवादी दोन मारत. दुसऱ्या ठोक्याचा अर्थ नियमात दिलेला नाही. अर्जदाराला तो ठाऊक आहे, पण सरकारी कागदावर लिहिण्यासारखा नाही.

इंजिन किती डिझेल पिते ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: खालचा माणूस रेसचा दांडा किती ओढतो आणि वरचा माणूस बोट किती सरळ नेतो. बाकी वारा, पाण्याची ओढ, माणसांचे ओझे. एका हाताने टाळी वाजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपले कार्यालय मात्र टाळी वाजल्यावर कोणत्या हाताला किती लागले ते लिटरमध्ये मोजायला निघाले.

३. या दोघांचे भांडण मुळात कागदावर का आले, याची आपण कधी चौकशी केली नाही. सोयरीक होण्यापूर्वी अर्जदार आणि प्रतिवादी बावीस वर्षे एकाच बोटीवर होते आणि एकमेकांना अरे-तुरे करत. त्यांनी दांडा जास्त ओढला की अर्जदार वरूनच ओरडे, "अरे रेड्या, तुझ्या बापाचं डिझेल आहे का?" ते खालून ओरडत, "तू नीट सरळ चालव ना, वेटोळी कसली घालतोस!" दोन शिव्या इकडे, चार तिकडे, पलीकडचा धक्का येईपर्यंत सगळे मिटलेले असे. मग मुलांचे लग्न झाले. आता व्याही. व्याह्यांना अहो-जाहो करावे लागते. "व्याहीबुवा, आपण जरा रेस कमी केलीत तर बरं होईल," असे इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगणे म्हणजे काय असते, हे दुसऱ्या मजल्यावर कळायचे नाही. वाक्य संपेपर्यंत धक्का येतो. मुलीच्या सासऱ्याला रेडा म्हणता येत नाही, आणि रेडा म्हटल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. जिथे शिवी देता येत नाही तिथे माणूस अर्ज करतो. आपल्या कार्यालयातल्या बऱ्याच फायली अशाच जन्मल्या असाव्यात असा अर्जदाराचा अंदाज आहे.

४. नवे इंजिन बसल्यावर आपले कनिष्ठ अभियंता आले. त्यांनी इंजिनावरची पाटी उतरवून घेतली, अश्वशक्तीला तासांनी गुणले, कशाने तरी भागले, आणि जाऊन-येऊन एका फेरीला आठ लिटर असा अंदाज लिहून दिला. बोटीत बसले नाहीत. बूट ओले होतील म्हणाले. बोटीला प्रत्यक्षात नऊ लागत. एका लिटरच्या फरकासाठी दोघांकडून खुलासा मागितला गेला.

त्या वेळी दोघांनाही लिहिता येत नव्हते. आपल्याच जिन्याखाली बसणाऱ्या अर्जलेखकाकडे अर्जदार सकाळी गेला, प्रतिवादी दुपारी गेले. अर्जलेखक सज्जन आणि कामसू माणूस. त्याने दोघांना एकच मजकूर दिला, फक्त 'सुकाणूवाला' आणि 'इंजिनचालक' यांची अदलाबदल केली. दोन्ही अर्जांत 'सदर इसम मुळातच उधळ्या वृत्तीचा' असे वाक्य होते. आपल्या कार्यालयाने दोन्ही अर्ज परत पाठवले, शेरा असा: 'म्हणणे परस्परविरोधी, अक्षर एकच, सबब कट असल्याचा संशय.'

हे ऐकून अर्जदाराची मुलगी, म्हणजे प्रतिवादींची सून, दोघांवर भडकली. "भांडायचंच ठरवलंय ना दोघांनी? मग स्वतःच्या हातानं भांडा. भाड्याच्या हातानं भांडण करायची लाज नाही वाटत?" असे म्हणून तिने दोघांना तिच्या स्वयंपाकघरात, एकाच टेबलावर, रविवारी दुपारी शिकवायला बसवले. वय साठीच्या पुढे, बोटे दोरीने आणि ग्रीसने जाड झालेली, पेन्सिल मोडायची. मध्ये तांदळाचा डबा ठेवला जाई, म्हणजे एकमेकांच्या पाटीत डोकावता येऊ नये. अर्जदाराने न विचारता लिहिलेला पहिला शब्द 'डिझेल'. प्रतिवादींचा 'खोटे'. मुलीने दोघांना बरोबरची खूण दिली. अर्जदाराचे म्हणणे असे की प्रतिवादींच्या 'ख'चे पोट सुटले होते आणि ती खूण नात्यामुळे मिळाली. ते म्हणत, सख्ख्या बापाला जास्त मिळते. यावर निर्णय झालेला नाही आणि तो आपल्याकडे मागितलेलाही नाही.

५. पहिली संयुक्त चाचणी. ही आपल्या फायलीतील सर्व अनर्थांचे मूळ आहे, तरी लक्षपूर्वक वाचावे.

दोघांनीही स्वतःच्या हाताने लिहिलेले अर्ज आल्यावर आपण चाचणी ठेवलीत. बोट त्याच आठवड्यात काठावर ओढून, तळ खरवडून, रंग देऊन पुन्हा पाण्यात सोडलेली. पाणी थाळीतल्यासारखे स्थिर. प्रवासी नाहीत. कनिष्ठ अभियंता या वेळी बोटीत बसले, बूट पिशवीत घेऊन. आणि दोघांनी काय केले? अर्जदाराला दाखवायचे होते की वळसे तो घेत नाही, म्हणून त्याने बोट सुतासारखी सरळ नेली. प्रतिवादींना दाखवायचे होते की दांडा ते ओढत नाहीत, म्हणून त्यांनी आजारी माणसाला झोपेत हलवतात तसे इंजिन चालवले. धक्क्यावर लागताना अर्जदाराने दोन ठोके मंदचे मारले तर खालून पान्याचा एकच ठोका आला, नियमाप्रमाणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अर्जदाराला त्याच वेळी कळायला हवे होते की काहीतरी वाईट होणार.

टाकीत पट्टी घालून मोजले तर फेरीला सहा लिटर लागले होते. आपण आठाचा अंदाज खोडून सहा केलात आणि खाली लिहिलेत, 'दोघेही प्रामाणिकपणे काम केल्यास सहा पुरतात असे सिद्ध.' महोदय, एखाद्या घरी पाहुणे आल्यावर नवरा-बायको जसे बोलतात, त्यावरून त्यांच्या संसाराचा अंदाज बांधावा, तसा हा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी प्रवासी आले, सायकली आल्या, भाजीच्या पाट्या आल्या, समोरून वारा आला. दांडा आपल्या जागी गेला, वळसे आपल्या जागी आले, पाना दोनदा वाजला, आणि इंजिन पुन्हा नऊ पिऊ लागले. आता फरक एकाचा नव्हता, तिनाचा होता.

६. त्यानंतर आपले आदेश निघाले की चौकशी पूर्ण होईपर्यंत बोट 'आहे त्या स्थितीत' ठेवावी, कोणताही बदल करू नये.

तळ खरवडणे हा बदल आहे का, असे डेपोतून विचारले गेले. आपण 'होय' म्हणालात. खाऱ्या पाण्यात उभ्या बोटीच्या तळाला शेवाळ धरते, शेवाळावर शिंपले बसतात, शिंपल्यांवर कालवे. तशी बोट ओढणे म्हणजे दगडांची झालर शिवलेली गोधडी पाण्यातून फरफटत नेणे. इंजिन नवाचे दहा पिऊ लागले, मग दहाच्याही वर. खप वाढला म्हणून चौकशी वाढली. चौकशी वाढली म्हणून तळ खरवडायचा नाही. तळ खरवडायचा नाही म्हणून खप वाढला. हे गुऱ्हाळ दोन पावसाळे चालले.

तळाचे अर्जदाराने त्या सोळा अर्जांत कुठेच का लिहिले नाही, असे आपण विचाराल. लिहिले नाही. तळ दोषी ठरला असता तर प्रतिवादी सुटले असते. प्रतिवादींनीही लिहिले नाही, कारण मग अर्जदार सुटला असता. दोघेही रोज ओहोटीला धक्क्यावरून वाकून त्या तळाकडे बघत, शेजारी शेजारी उभे राहून, आणि काही बोलत नसत. एकदा प्रतिवादी एवढेच म्हणाले, "काय पीक आलंय!" अर्जदार म्हणाला, "हं." या विषयावर दोघांमध्ये झालेले हे एकमेव संभाषण. आपल्या अभियंत्यांना ते दिसले नाही याबद्दल अर्जदार त्यांना नावे ठेवत नाही. त्यांच्या गुणाकारात तळाला जागा नव्हती, आणि आमच्या भांडणातही नव्हती.

७. आता 'अफरातफर' या शब्दाबद्दल.

अर्जदाराने आपल्या सोळाही अर्जांत असे म्हटले आहे की प्रतिवादी डिझेल उधळतात. ते त्यांनी विकले किंवा कोणाला दिले असे कधीच म्हटलेले नाही. आपल्या नमुन्यात मात्र रकाने दोनच: 'वापर' आणि 'अफरातफर'. 'उधळपट्टी' असा रकाना नाही. आपल्या लिपिकांनी अर्जदाराचे म्हणणे पहिल्या रकान्यात बसेना म्हणून दुसऱ्यात टाकले. अर्जदाराने हे त्यांच्या निदर्शनास आणले तर ते म्हणाले, "आजोबा, रकाने छापून येतात. तुमच्या व्याह्यांसाठी वेगळी छपाई करायची का?"

तरी खालील गोष्टी आपल्या माहितीसाठी. प्रतिवादी डिझेल चोरू शकत नव्हते, कारण चोरीला अक्कल आणि गुपचूपपणा लागतो, आणि त्यांच्यात दोन्हींचा अभाव होता. ते शिंकले तरी पलीकडच्या काठाला कळे. त्यांचे कपडे, पिशवी, जेवणाचा डबा, सगळ्याला डिझेलचा वास होता हे खरे, पण तो अर्जदाराच्या मुलीच्या लग्नातही होता, आणि मंडपात शेजारी बसून अर्जदाराने तो सोसला. घरी त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी एकही वस्तू नाही. कॅन एक आहे, त्यात तुळशीला घालायचे पाणी ठेवतात. हे अर्जदाराने स्वतः झाकण काढून पाहिले आहे, दोन वर्षांपूर्वी, ते घरी नसताना. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात. इथे चोर नव्हता, आणि प्रतिवादी संन्यासीही नव्हते. ते हट्टी होते, आडमुठे होते, मोठ्या आवाजाच्या इंजिनापाशी आयुष्य घालवल्याने निम्मे बहिरे होते, आणि उधळे होते. एवढेच लिहावे. यातला एकही शब्द अर्जदार मागे घेत नाही.

८. दुसरी संयुक्त चाचणी आपण ज्या गुरुवारी ठेवलीत, त्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराची मुलगी आपल्या कार्यालयात आली होती. आवक टेबलावर झालेले बोलणे तिने सांगितले तसे देतो, कारण निकालपत्रात 'गैरहजेरीबाबत कोणतीही पूर्वसूचना नाही' असे धडधडीत लिहिले आहे.

ती म्हणाली, "मामंजी उद्या येऊ शकत नाहीत." लिपिक म्हणाले, "तोंडी चालत नाही. लेखी द्या." ती म्हणाली, "मी देते लिहून." लिपिक म्हणाले, "तुम्ही कशा? गैरहजर राहणाऱ्यानं स्वतः लिहायचं, स्वतःच्या सहीनं." ती म्हणाली, "ते लिहू शकत नाहीत." लिपिकांनी फाईल काढली, पाने उलटली आणि म्हणाले, "कसं काय? हे बघा, सगळे अर्ज त्यांच्याच हातचे. अक्षर तर तुमच्या वडिलांपेक्षा बरं आहे. त्यांना लिहिता येतं." ती म्हणाली, "येत होतं."

लिपिकांनी मान वर केली नाही. त्यांनी तिला पुढच्या टेबलावर पाठवले, तिथले साहेब जेवायला गेले होते, आणि तिला घरी परत जायचे होते. घरी माणसे बसली होती.

दुसऱ्या दिवशी अर्जदार ठरल्या वेळी बोटीवर हजर होता. का गेलास, असे मुलीने विचारले. अर्जदार म्हणाला, "मी गेलो नाही तर मी हरलो असं लिहितील." हे त्याचे म्हणणे त्या वेळी त्याला बरोबर वाटले होते. आपले अभियंता आले, खणात डोकावले, घड्याळ पाहिले आणि कागदावर 'प्रतिवादी गैरहजर' असे लिहून निघून गेले. अर्जदाराने त्यांना थांबवून सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "काका, तुमच्याच फायद्याचं आहे. कशाला बोलता?"

९. त्या दिवसापासून आपण इंजिनावर बदली माणूस दिला आहे. माणूस तरुण आहे, शिकलेला आहे, त्याच्याकडे दोन प्रमाणपत्रे आहेत, आणि अर्जदाराचे त्याच्याशी वैर नाही. पण खालील बाब आपल्या चौकशीस उपयोगी आहे, आणि ती लिहिताना अर्जदारास आनंद होत नाही.

या माणसाच्या हाताखाली इंजिन फेरीला बारा पिते. एकदा तेरा गेले. बोट तीच, तळ तोच, सुकाणूवर माणूस तोच. घंटेचा ठोका ऐकून तो वर येतो आणि विचारतो, "काय म्हणालात?" तोवर धक्का येतो. गेल्या आठवड्यात धक्क्याची एक फळी मोडली. तिचा खुलासा स्वतंत्रपणे मागितला गेला आहे आणि स्वतंत्रपणे दिला जाईल. प्रतिवादींना पाणी दिसत नसे, तरी ओढीचे पाणी कुठे लागते ते त्यांना सुकाणूच्या दांड्याच्या करकरीवरून कळे, आणि घंटा वाजायच्या आधी रेस खाली आलेली असे. मग अर्जदार मुद्दाम उशिराने घंटा वाजवी, आणि ते मुद्दाम पाना दोनदा वाजवीत. याचा अर्थ असा होतो की ज्या माणसाला अर्जदार उधळ्या म्हणत होता, तो उधळ्या होताच, पण त्याच्यावाचून बोट त्याहून जास्त पिते. हे कोणत्या रकान्यात बसते ते आपण पाहावे.

जावई वयाच्या सोळाव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली त्याच खणात काम शिकला. त्याला घंटा कळते. दांडा तोही जास्तच ओढतो, रक्तात आहे. अर्जदाराने त्याला तसे स्पष्ट सांगितले आहे, आणि जावयाला रेडा म्हणता येत नसल्याने तेही अहो-जाहोतच सांगावे लागले. तरी त्याची नेमणूक अडवू नये.

१०. निकालपत्र घेऊन अर्जदार मुलीच्या घरी गेला होता. त्याला वाटले, आपण सांगावे. तिने ते टेबलावर ठेवून वाचले, त्याच टेबलावर. तिच्या सासूबाई, म्हणजे अर्जदाराच्या विहीणबाई, आतून म्हणाल्या, "काय आलंय?" मुलगी म्हणाली, "काही नाही, डिझेलचं." मग तिने कागदाची घडी केली, अर्जदाराच्या खिशात परत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हीच लिहायला लागलात. आता तुम्हीच खोडा. तोवर इकडे येऊ नका." त्यानंतर अर्जदार तिकडे गेलेला नाही. मुलीने दिलेला हुकूम आपल्या कार्यालयाच्या आदेशांसारखा मोघम नसतो.

शेवटच्या फेरीबद्दल एक नोंद. त्या सकाळी पलीकडच्या धक्क्यावर लागताना अर्जदाराने मंदचे दोन ठोके मारले. रेस वेळेवर उतरली. पाना मात्र एकदाच वाजला. अर्जदारास वाटले, नमला शेवटी. त्या आनंदात त्याने परतीची वाट सुतासारखी सरळ नेली. त्या फेरीचे डिझेल कोणी मोजले नाही.

११. वरील सर्व पाहता विनंती अशी की, अर्जदाराच्या बाजूने दिलेला निकाल रद्द करावा. प्रतिवादींच्या नावापुढील 'इंधनाची अफरातफर' हा शेरा लाल शाईने नव्हे, तर ज्या शाईने लिहिला त्याच शाईने खोडावा, म्हणजे ज्याने लिहिला त्यानेच खोडला असे दिसेल. त्या जागी 'उधळपट्टी' लिहावे. रकाना छापलेला नसेल तर हाताने आखावा, अर्जदार पट्टी घेऊन येईल. बोटीचा तळ खरवडण्यास परवानगी द्यावी. जावयाची इंजिनावर नेमणूक करावी.

आणि मूळ वाद, म्हणजे डिझेल दांड्यामुळे जास्त जाते की वळशांमुळे, तो निकाली काढू नये. कोणाच्याही बाजूने काढू नये. त्याची फाईल बंद न करता उघडी ठेवावी. अर्जदाराचे म्हणणे आजही तेच आहे: दांडा. पण त्याला उत्तर देणाऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपण त्यावर शिक्का मारू नये, आणि ते आता आपल्याला ऐकायला मिळणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी निदान या एका शेळीला हात लावू नये.

हा अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला आहे. मुलीला दाखवलेला नाही. चुका असतील तर त्या शिकवणारीच्या माथी मारू नयेत.

आपल्या नियमांपुरता नम्र,

(सही. अंगठा नव्हे.)
सुकाणूवाला, फेरीबोट
सोमवार, दिनांक १० मार्च

सोबत:
१. निकालपत्र, मूळ प्रत, परत.
२. ओहोटीला तळावरून काढलेले कालव, एक नग, कागदात गुंडाळून. वास येईल.
३. दाखल्याची प्रत. चाचणी गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी रोजी होती. फेरीबोटीचे इंजिनचालक, अर्जदाराचे व्याही, मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी पहिली फेरी संपवून इंजिनाच्या खणातून वर येताना छातीत कळ येऊन वारले.